साटिनची अ‍ॅस्टर

निवृत्त झाल्यावर सासूबाईंनी बागकामासाठी कंबर कसली. तीस वर्षं वॉर्डात नर्स होत्या, त्यामुळे झाडांना पाणीही औषधासारखं: दिवसातून तीनदा, चुकवायचं नाही. झिनिया, अ‍ॅस्टर, डेलिया, सगळ्यांची मुळं कुजली. शरद ऋतू लागला, आजूबाजूच्या बागा रंगांनी भरल्या आणि यांच्या वाफ्यात नुसत्या काड्या उभ्या. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे त्यांना त्याही धड दिसेनात.

"अजून फुलं नाहीत का गं?" त्या रोज सुनेला विचारायच्या.

सून घरीच शिवणकाम करायची. तिला ते ऐकवेना. एका दुपारी तिने साटिनच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून जांभळी अ‍ॅस्टर आणि केशरी झिनिया शिवली नि तारेने काड्यांवर बसवली.

सासूबाई व्हरांड्यातल्या खुर्चीतून पाइपाने पाणी घालत म्हणाल्या, "बघितलंस? हाताला गुण असावा लागतो." रस्त्यापलीकडच्या मास्तरीणबाईंनी दुरूनच कौतुक केलं, बी मागितलं. सून कसनुसं हसली.

पंधरा दिवसांनी सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी त्या थेट वाफ्यापाशी गेल्या. सून मागोमाग धावली. सासूबाईंनी झिनियाचं एक फूल बोटांत धरून उलटंसुलटं केलं.

"सूनबाई, हे कापड ओळखीचं वाटतंय."

सून वाफ्यातली वाळकी पानं वेचू लागली.

"माझा गाऊन शिवताना तू म्हणालीस, कापड कमी पडलं. म्हणून बाह्या आखूड केल्यास."

"आई, चुकलं माझं. उपटून टाकते सगळं."

"खबरदार हात लावशील तर!" सासूबाई रस्त्याकडे बघत कुजबुजल्या. "ती मास्तरीण बघतेय." आणि त्यांनी पाइप उचलला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेकडून बाजारातलं अ‍ॅस्टरचं बी आणवलं, जुन्या पाकिटात घातलं आणि घरचं म्हणून मास्तरीणबाईंना दिलं.

पुढच्या वर्षी मास्तरीणबाई तोंड पाडून आल्या. "तुमचंच बी पेरलं, पण वीस दिवसांत फुलं माना टाकायला लागली हो. तुमची तर दोन महिने तशीच्या तशी होती! काय चुकलं, जरा येऊन बघता?"

नाही म्हणायची सोय नव्हती. दोघी सासवासुना गेल्या. वाफाभर जांभळी, गुलाबी, पांढरी अ‍ॅस्टर उमलली होती. काही फुलांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, आणि त्यांतल्याच एकावर मधमाशी बसली होती. सासूबाई वाकल्या आणि त्यांनी पाकळीला बोट लावलं.

"यातली दोन रोपं मला द्याल?" त्यांनी हळूच विचारलं.

मास्तरीणबाई संकोचल्या. "द्यायला काय, न्या की. पण तुमच्या बागेत शोभणार नाहीत हो ही."