डाव्या बाजूची तिसरी खिडकी

मित्रांनो, मी शहरात धावणाऱ्या एका जुन्या गाडीची खिडकी आहे. तिसऱ्या डब्यातली, डाव्या बाजूची तिसरी. सध्या मी गाड्यांच्या शेडमागे एका भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या अंगावर सुकलेल्या गोंदाचे पिवळे डाग आहेत आणि त्यातून आरपार काही दिसत नाही. माझी गोष्ट सुखाची नाही, पण ऐकणारे कुणी भेटले आहे तर सांगून टाकते.

माझा जन्म वाळूतला. भट्टीत वाळू वितळवून मला सपाट ओतले. मग पुन्हा तापवून माझ्यावर एकदम गार हवेचे झोत सोडले, म्हणजे मी कणखर व्हावे. कारागिराने मला टिचकी मारली आणि तो म्हणाला, "ही काही सहजासहजी फुटायची नाही." त्याचे बोलणे खरे ठरले. पुढे अशी वेळ आली की फुटले असते तर बरे झाले असते, असे मला वाटे.

काळ्या रबरी पट्टीत मला डब्याला घट्ट बसवले. मला उघडझाप नव्हती. बघायचे आणि बघू द्यायचे, एवढेच माझे काम. बघण्यासारखे होतेही खूप! लोक घराची पुढची बाजू रंगवतात आणि मागची तशीच सोडतात. गाडीला मात्र नेहमी मागचीच बाजू दिसते. एका गच्चीवर एक गृहस्थ रोज मूठ आवळून जोरदार भाषण करत, आणि समोर फक्त वाळत घातलेल्या चादरी असत. एक न्हावी गिऱ्हाईक नसले की स्वतःच खुर्चीत बसून गळ्याला फडके बांधून डुलक्या काढी. फाटकापाशी एक कुत्रा माणसांच्या रांगेत उभा राही. दांड्याखालून सहज जाता आले असते, पण फाटक उघडल्याशिवाय तो कधी हलला नाही. डब्यात एक नर्सबाई उभ्याने झोपत आणि त्यांचे स्टेशन आले की बरोबर डोळे उघडत.

माझ्याशेजारी चष्म्याच्या दुकानात काम करणारे एक काका बसत. आपला मऊ रुमाल काढून ते माझ्यावरचे डोक्याच्या तेलाचे डाग पुसत. "काच अशी हवी, की आहे हेच कळू नये," असे म्हणत. ही माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी.

काकांच्या समोर, अगदी माझ्यापाशी, एक बाई बसत. शर्टाच्या कारखान्यात त्या दिवसभर बटणांसाठी काजे करत, म्हणून डब्यात सगळे त्यांना काजवाल्या ताई म्हणत. त्या फारशा बोलत नसत. पुढे एका वळणावर गाडीचा वेग कमी होई आणि एका इमारतीची दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी अगदी जवळ येई. तिथे एक म्हातारी रोज उभी असे आणि गाडीला काहीतरी उचलून दाखवी. एके दिवशी किटली, दुसऱ्या दिवशी उशी, कधी उघडलेली छत्री. एकदा तर रागावलेले मांजर! डब्यात तिचे नाव पडले दुकानवाल्या आजी. आज काय दाखवणार यावर पैजा लागत.

"आज झाडू!" काका ओरडले.

"काका, तुम्ही पातेलं म्हणाला होतात. हरलात," नर्सबाई म्हणाल्या.

मागून कुणीतरी हसून म्हणाले, "म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय."

तेव्हा काजवाल्या ताई हळूच बोलल्या, "माझी आई आहे ती."

मग ताईंनीच सांगितले. आईला अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. ती एकटी राहते. ताईंचे सासर गाडीच्या दुसऱ्या टोकाला. आठवड्यातून दोनदाच आईकडे उतरता येते. म्हणून मायलेकींनी ठरवले होते, की बरे असले तर सकाळी गॅलरीत येऊन काहीतरी दाखवायचे. आई दिसली नाही, तर ताई पुढच्या स्टेशनावर उतरून धावत जाणार.

"पण रोज नवीन वस्तू कशाला?" काकांनी विचारले.

"तेच तेच दाखवायचा तिला कंटाळा येतो," ताई म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिले.

एकदा गॅलरी रिकामी होती. ताईंच्या आधी नर्सबाईच ओरडल्या. दोघी मिळून उतरल्या. आजी तापाने फणफणल्या होत्या. वेळेवर औषध मिळाले आणि त्या वाचल्या. त्या दिवसानंतर तो वळणाचा तुकडा आला, की सगळा डबा मान वळवून बघू लागला. मित्रांनो, मी तेव्हा फार अभिमानात होते.

मग एके दिवशी शेडमध्ये माणसे आली आणि त्यांनी बाहेरून आमच्या मार्गावरच्या सगळ्या गाड्यांवर जाहिरात चिकटवली. दंतमंजनाची होती. एक भलामोठा हसणारा चेहरा डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. माझ्या वाट्याला दोन दात आले. मला बाहेरचे दिसेनासे झाले. दारांच्या काचाही झाकल्या होत्या. आत फक्त मळका उजेड येई.

ताई स्टेशनच्या कचेरीत जाऊन आल्या. त्यांनी काकांना सांगितले, "ते म्हणाले, बाई, बाहेर बघतंय कोण? सगळे तर मोबाइलमध्ये बघतात."

दुसऱ्या दिवशी स्टेशनात त्यांनी बाहेरून घरच्या किल्लीने माझ्यावरचा कागद खरवडला. बोटभर जागा मोकळी झाली तोच शिट्टी वाजली आणि शिपायाने त्यांना हटकले. संध्याकाळी तेवढ्या जागेवर नवा तुकडा चिकटवला गेला. 

"आईला सांगितलंत का?" काकांनी विचारले.

"पाटीवर लिहून सांगितलं, की मला आता दिसत नाही, तू उभी राहू नकोस. तर म्हणते, तुला दिसत नसेल, मला तर गाडी दिसते ना? मी दाखवणार." ताईंनी डोळे पुसले. "तिला वाटतं, उंच धरलं तर त्या चेहऱ्याच्या वरून मला दिसेल."

पुढे रोज वळण आले की ताई माझ्यावर तळहात टेकवत. त्यांची ऊब मला लागे. पलीकडे आजी काय दाखवत होत्या, ते ना त्यांना कळे ना मला. पैजा थांबल्या. हळूहळू डब्याने मान वळवणेही सोडले.

दीड महिन्याने एका सकाळी ताईंनी नेहमीसारखा हात टेकवला, वळण गेले, त्या कामावर गेल्या. त्या दिवशी आजींनी उंच व्हावे म्हणून गॅलरीत स्टूल घेतले होते. त्या पडल्या. गॅलरीतच पडून राहिल्या, थेट संध्याकाळपर्यंत. त्यांच्या डोळ्यांसमोरून दिवसभर गाड्या गेल्या. प्रत्येक गाडीत माणसे होती, माझ्यासारख्या शेकडो खिडक्या होत्या, आणि प्रत्येक खिडकीवर तो चेहरा हसत होता. ताईंचा आईकडे उतरण्याचा वार होता, म्हणून संध्याकाळी तरी कळले. तिसऱ्या दिवशी आजी इस्पितळात वारल्या.

हे सगळे मला काकांनी नर्सबाईंना सांगितले तेव्हा समजले. त्या दिवशी नर्सबाईंचे स्टेशन आले आणि गेले, त्यांना उतरायची आठवणच राहिली नाही.

ताई एकदाच परत आल्या. माझ्याजवळची जागा मोकळी होती, तरी त्या माझ्याकडे पाठ करून दाराजवळ उभ्या राहिल्या. काका उठून गेले आणि म्हणाले, "बस गं, पोरी."

"नको काका," ताई म्हणाल्या. "पडली तेव्हा मी त्या खिडकीला हात लावून बसले होते. दोन हातांवर होती ती माझ्यापासून."

त्यानंतर त्या या गाडीला कधी दिसल्या नाहीत.

वर्षभराने जाहिरातीची मुदत संपली. कागद ओरबाडून काढला, गोंद तसाच राहिला. काकांनी रुमाल घासून पाहिला आणि हताश होऊन खिशात ठेवला. पुढे ते निवृत्त झाले. मग मलाही उपटून इथे आणून टाकले. कणखर असल्यामुळे मी अजून शाबूत आहे. काय उपयोग?

मित्रांनो, मी काच आहे. मला ना हाक मारता येते ना साखळी ओढता येते. तुम्हाला येते. तुमच्या वाटेवर रोज दिसणारे एखादे माणूस असेल. त्याचे नाव तुम्हाला ठाऊक नसेल, त्याच्या वागण्याचे हसूही येत असेल. एखाद्या दिवशी ते दिसले नाही, तर शेजारच्याला नुसते विचारा, "आज ते कुठे गेले?" आणि कुणी तुमची खिडकी झाकायला आला, तर त्याच दिवशी भांडा. ताई एकट्या गेल्या होत्या. डब्यात आम्ही सगळे होतो, पण त्यांच्याबरोबर कचेरीत कुणीच गेले नाही.