आईची शेवटची भट्टी

आईच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरल्याचा फोन आला, तेव्हा आई जाऊन दुसरा दिवस उजाडला होता. रुग्णालयातली मुलगी उत्साहाने म्हणाली, "लागला बघा तुमचा नंबर. येताना जुने रिपोर्ट आणा, आणि आदल्या रात्रीपासून पेशंटला काही खायला देऊ नका."

"नाही देणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मावशीला सांगितलं, तर ती नेहमीचंच बोलली. "त्याची काही योजना असेल, बाई. त्याची वेळ आपल्याला कळत नाही."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. परसातली पत्र्याची शेड, दोन चाकं आणि विटांची भट्टी एवढ्या भांडवलावर दोघी बहिणींनी जन्मभर मातीची भांडी घडवली आणि विकली. आई आजारी पडल्यापासून मी हे वाक्य ऐकत होते. यादी पुढे सरकली नाही, त्याची वेळ. यंत्र बिघडलं, त्याची वेळ. डॉक्टर रजेवर गेले, तीही त्याचीच वेळ.

"देवाचं आणि त्या रुग्णालयाचं कॅलेंडर एकाच छापखान्यातून येतं वाटतं," मी म्हटलं.

खरं तर मला देवापेक्षा आईचाच राग जास्त आला होता. मी फोनवर चिडायचे, तक्रार कर म्हणायचे, तर ती म्हणायची, "थांबू गं. तो बघतोय." कुणाच्याही टेबलावर तिने एकदा हात आपटला नाही. भट्टी लावून ज्या शांतपणे ती निवण्याची वाट बघायची, त्याच शांतपणे ती मरणाकडे सरकत गेली, असं मला वाटत होतं.

भट्टी अजून गरमच होती. आईने ती स्वतःच्या हाताने भरली होती, जाळ सुरू असताना जवळ बसून राहिली होती. मावशीने जाळ बंद केला त्याच दुपारी आई खुर्चीत बसल्या बसल्या गेली. भट्टीत एक उंच बरणी होती. तिच्यावरची हिरवी झिलई साधावी म्हणून आई कित्येक महिने झटत होती. ती बरणी मला हवी होती, आणि आजच हवी होती. संध्याकाळच्या गाडीने मला कामावर परतायचं होतं.

"उद्या सकाळशिवाय दार उघडता यायचं नाही," मावशी म्हणाली. "आत गार वारा गेला तर सगळी भांडी तडकतील. तुला काय हे नवीन आहे?"

"आई थांबली, काय मिळालं तिला? मला नाही थांबायचं."

"भट्टीला तुझं दुःख कळत नाही, पोरी."

"देवाला तरी कुठे कळतं?"

तेवढ्यात शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका भेटायला आल्या. खुर्चीच्या कडेवर टेकत त्या म्हणाल्या, "चांगली माणसं देवालाही हवी असतात हो."

"भांडी हवी होती तर ऑर्डर द्यायची," मी म्हटलं. "आई सगळ्यांना वेळेवर देत होती."

बाईंनी चष्मा पुसायला घेतला. मावशी खोकत उठली आणि परसात गेली. बाईंचा चष्मा पुसून होईना आणि मावशीही परत येईना, तेव्हा मी तिला बघायला गेले.

शेडमध्ये मावशी भट्टीसमोर गुडघ्यांवर बसली होती. आत डोकावण्यासाठी दारात कमरेएवढ्या उंचीवर एक भोक असतं. त्याचं मातीचं बूच तिने काढून बाजूला ठेवलं होतं, आणि दाराच्या फटीतला लेप ती खुरप्याने उकरत होती. भोकातून येणारी धग माझ्या तोंडावर आली. आणि आतून आवाज झाला, पातळ आणि स्वच्छ, कपाला चमचा लागावा तसा. एक भांडं गेलं होतं.

मी फडक्यात धरून बूच परत दडपलं. तरी बोट भाजलंच. मग ओल्या मातीचे गोळे फटीत भरत राहिले. मावशी नुसती बघत होती.

"सगळ्यांना धीर धरायला सांगत फिरतेस," मी म्हटलं. "आणि स्वतः?"

"रिकाम्या हाताने जाशील म्हणून गं." तिने खुरपं खाली ठेवलं. "मला कुठे येतं थांबता? ते तिला यायचं. मी नुसती बडबडते. बडबडले नाही तर किंचाळेन."

"ती तर कधी चिडलीसुद्धा नाही."

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलत असावे. "कोण, ताई? तू लांब असतेस म्हणून तुझ्याशी गोड बोलायची. फोन ठेवला की इथे स्टुलावर बसून त्याला झाडायची. मला कानांवर हात ठेवावे लागायचे. 'भट्टी तुझ्यावर सोडली, शरीर तुझ्यावर सोडलं, आणि तू काय झोपा काढतोयस?' हे रोजचं."

"रोजचं?"

"आजारी नव्हती तेव्हासुद्धा. एकदा मी म्हटलं, अगं, देव आहे तो, जरा जपून. तर म्हणते, त्याच्यावर भरवसा आहे म्हणून तर त्याला बोलते. डॉक्टरवर असता तर डॉक्टरला बोलले असते. मग डोळे पुसायची आणि माती मळायला बसायची."

आम्ही दोघी कान देऊन बसलो. आत आणखी काही तडकलं नाही. एक गेलं होतं, पण ते कुठलं, हे उद्या दार उघडेपर्यंत कळणार नव्हतं. ती बरणीही असू शकत होती.

"तुझी गाडी चुकेल," मावशी म्हणाली.

"चुकू दे."

मावशी उठून घरात निघाली. मी स्टूल भट्टीजवळ ओढलं. देवाशी मी शेवटचं कधी बोलले होते ते आठवेना, आणि अशा वेळी हात जोडतात तसे माझे जोडले जाईनात. गुडघ्यांवर मुठी आवळून मी विटांकडे बघत म्हटलं, "इतकं ताटकळत ठेवलंस तिला. मग नेतानाच कसली घाई झाली होती तुला?"

मागून मावशीचा आवाज आला. "जरा हळू. बाई अजून बसल्यात आत."

मी आवाज खाली आणला नाही.