कोसाडच्या पितळदेवीचा घाम

कोसाडच्या वाचनालयात आजवर कधी रांग लागली नव्हती. पुस्तकांसाठी लोक रांग लावतील, एवढा मोठा चमत्कार आपल्याकडे अजून व्हायचाय. पण त्या शनिवारी रांग पार रिक्षास्टँडपर्यंत गेली होती, पितळदेवीच्या दर्शनासाठी.

ही देवी टेम्पोतून आली तेव्हा तिचं नाव ‘आरोहण’ होतं. वाचनालयाच्या दालनात आधुनिक शिल्प हवं, असं कुणीतरी ठरवलं आणि पितळी पत्र्याची, माणसाएवढी, वळणावळणाची आकृती भिंतीपाशी उभी राहिली. मध्ये एक मोठं भोक. हे आहे तरी काय, ते कुणाला कळेना, म्हणून लोक तिच्यावर ओल्या छत्र्या अडकवायचे. मग भूपेंद्रबापू उगवले. त्यांनी आकृतीला जरीची साडी नेसवली, भोकाला मुख म्हटलं आणि छत्र्या अडकवणारे हात आपोआप जोडले गेले.

बापू डोळे मिटत, एक हात शालीत घालत, दुसऱ्याने घंटा बडवत. थोड्या वेळाने देवीच्या पोटावर थेंब उभे राहत आणि बापू ते वाटीत धरून रांगेला पाजत.

“तुमचं दुःख बघून मातेला घाम फुटतो,” बापू सांगत. “जेवढी गर्दी, तेवढी कृपा. हे तीर्थ प्या आणि गोळ्या बंद करा. मातेला डॉक्टरची भागीदारी चालत नाही.”

दहावीतली हर्षदा या सगळ्यावर मनसोक्त हसायची. तिच्या रंजनाआत्याने गोळ्या बंद केल्या, त्या दिवशी तिचं हसू थांबलं. आत्याला साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, आणि गोळ्या चुकल्या तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“आत्या, बापू नसले की देवीला घाम का येत नाही गं?”

“ते नसले तर ती कोणासाठी घाम गाळी? तुले काय समजस, पोरी?”

एवढा पक्का तर्क जवळून तपासायलाच हवा. त्या शनिवारी हर्षदा गुपचूप आत्याबरोबर रांगेत उभी राहिली. पुढे पोचल्यावर घंटेच्या दणदणाटाखाली तिला एक बारीक आवाज ऐकू आला. टीट. तिने वर पाहिलं. देवीच्या बरोबर पाठीमागे भिंतीवर एसी होता आणि त्याचा सगळा झोत देवीच्या पाठीवर होता.

पुढच्या शनिवारी ती आईचा फोन घेऊन आली. त्यात रिमोटची सोय होती. दप्तरात स्टीलचा तांब्या होता आणि त्यात समोरच्या सोडावाल्याकडून घेतलेला बर्फ.

बापूंची समाधी लागली, घंटा घणघणली. टीट. हर्षदाने फोनवर बोट टेकवलं. टीट. एसी बंद. बापूंनी घंटा आणखी जोरात हाणली. एसी चालू. हर्षदाने पुन्हा बंद केला. देवीचं पोट कोरडं ठणठणीत.

“बापू, माताजीनुं नेटवर्क गयुं के शुं?” रांगेतून कुणीतरी गुजरातीत विचारलं.

“इथे कोणीतरी पापी आहे,” बापू गरजले आणि त्यांनी इतक्या आवेशाने हात झाडले की शाल घसरली. तिच्यातून एसीचा रिमोट टपकन मातेच्या पायाशी पडला.

“पापी मीच,” हर्षदा म्हणाली. “फक्त माझा रिमोट फोनमध्ये आहे.” तिने तांब्या टेबलावर ठेवला. बघता बघता त्याच्या अंगावर थेंब जमले. “बघा, तुमचं दुःख तांब्यालाही बघवत नाही. मागून एसी लावला की पितळ गार पडतं. गार धातूला दमट हवा लागली की पाणी धरतं. गर्दी वाढली की श्वास वाढतात, हवा आणखी दमट होते, थेंबही वाढतात. म्हणजे बापू तुम्हाला तुमचाच श्वास वाटीतून पाजत होते.”

पुढच्या दोघांनी बाटलीत जपलेलं मागच्या शनिवारचं तीर्थ खिडकीबाहेर ओतलं. बापूंना अचानक बारडोलीचं काहीतरी काम आठवलं.

 आत्याने पुढे होऊन देवीची साडी सोडवली आणि त्या उघड्या पितळावर बोट टेकवलं.

“मंग हाई काय शे?”

“शिल्प आहे. त्याचा अर्थ काय ते मलाही नाही कळलं, आत्या. पण एखादी गोष्ट कळली नाही, की तिच्या पाया पडायचं नसतं. विचारायचं. बापूंनाही, डॉक्टरांनाही, मलाही.”

“तुलेच तं विचारी ऱ्हायनू,” आत्या पुटपुटली आणि तिने हात पुढे केला. “दे ती गोळी.”

हर्षदाने दप्तरातून गोळी काढून दिली. आत्याने ती तांब्यातल्या बर्फाच्या पाण्याबरोबर गिळली, तीर्थाबिर्थाशिवाय.