डब्यातली रानजाई

मी ऑलिव्हच्या डब्यात वाढलेली एक जुनी वेल आहे, मित्रांनो. इस्रायलमधल्या अश्दोदच्या वाळूच्या टेकड्या हे माझं माहेर. तिथे इमारती उठू लागल्या, तेव्हा कोकणातून तिथे येऊन राहिलेल्या रिबेकाबाईंनी माझी एक फांदी वाचवून आणली आणि या डब्यात रुजवली. कोकणातल्या रानजाईच्या नात्यातली मी, म्हणून त्यांनी मला तेच नाव दिलं.

समुद्राकडच्या कुंपणावर मला चढवायचं त्यांच्या मनात होतं. "लावू हो सावकाश," म्हणता म्हणता १९७९चा उन्हाळा सरला आणि यहुदी नवं वर्ष लागलं. ते नेमकं सातवं वर्ष, श्मिता. त्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा असतो.

"आता वर्षभर मातीत काही लावायचं नाही," त्यांचे यजमान हासाजी म्हणाले.

"अहो, डब्यात जीव गुदमरेल तिचा."

"पाणी घाल. जगवायला बंदी नाही."

जगवायला म्हणे! मुळांनी आतून वेढ्यांवर वेढे घातले, पुढे जागाच उरली नाही. समुद्राचा वारा रोज यायचा आणि मी आपली बाल्कनीत, हातपाय बांधल्यासारखी. हिवाळ्यात माझी पांढरी फुलं लोंबली. शेजारीण ब्राखा "याफे, याफे", म्हणजे सुंदर, सुंदर, असं कौतुक करून गेली. कौतुकाने का कुठे डबा मोठा होतो?

मग माझी एक फांदी कठड्यावरून खाली जमिनीवर उतरली. वाऱ्याने तिच्या पेरावर वाळू लोटली आणि तिथे मुळं फुटली.

"ही कोणी पुरली?" हासाजींनी विचारलं.

"मी हात नाही लावला. तिची तीच गेली."

हासाजी बराच वेळ वाकून पाहत राहिले. "मग उपटायचीही नाही," ते म्हणाले.

श्मिता संपल्यावर त्यांनीच चाकूने आम्हा मायलेकींची जोड कापली. लेक कुंपणावर चढली. मग ते माझ्याकडे वळले. डबा कापला, तर मुळांचा नुसता काथ्या झालेला, गंजक्या पत्र्याला घट्ट धरून बसलेला.

"ओढली तर मरेल," ते म्हणाले आणि डबा तारेने पुन्हा बांधला. रिबेकाबाई तोंड फिरवून रडल्या.

लेक आता समुद्र बघते. मला आनंद होतो आणि हेवाही वाटतो, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, कुंडीच्या भोकातून मूळ डोकावलं, की त्याच दिवशी त्याला जमीन द्या. मला पाणी अजून रोज मिळतं. माती मिळायची तेवढी राहून गेली.