या आठवड्याची वाचक

"तोंड थोडं उघडं ठेव समता. असं मिटून नको. वाचून राह्यली असं वाटलं पाहिजे."

समताने तोंड उघडलं. जरा जास्तच उघडलं.

"अगं, दाताच्या डॉक्टरकडे आली आहेस का? थोडंसं. हां, अस्सं. आता पुस्तकाकडे बघ." रेणुका मॅडमनी मोबाईल आडवा धरला आणि एकामागे एक तीन फोटो काढले. पुस्तक नेहमीचंच, हत्तीचं चित्र असलेलं. दर शनिवारी तेच, कारण त्याचं मुखपृष्ठ फोटोत छान उठून दिसायचं.

शनिवारची सकाळची शाळा. डोणगावहून आत आठ किलोमीटरवरच्या या जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्ग चार आणि शिक्षक दोन. त्यातले मुख्याध्यापक भगवानराव सर ऑनलाइन माहिती भरण्यात सकाळपासून बुडालेले असत, म्हणजे उरल्या एकट्या रेणुका मॅडम. त्यात सोयाबीनची सोंगणी जोरात होती. निम्मी मुलं आईबापांबरोबर शेतात. आज आलेल्यांत जिचा गणवेश धुतलेला होता अशी समता एकटी निघाली, म्हणून ती वाचक झाली. आता खोटं कशाला बोला, निवडीला दुसरं काही कारण नव्हतं.

शाळेची 'आठवड्याची वार्ता' शनिवारी दुपारच्या आत ग्रुपवर पडायची. सोमवारी हात धुण्याचा उपक्रम, बुधवारी रोपांना पाणी, शुक्रवारी पाढ्यांची स्पर्धा, आणि शेवटी फुलांच्या चौकटीत 'या आठवड्याची वाचक'. पालक बघत, आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक बघत. टाळ्यांची चित्रं येत. रेणुका मॅडमना ती टाळी आवडायची. कोणाला आवडत नाही?

तशी ही वार्ता त्यांनीच सुरू केलेली, अठरा वर्षांपूर्वी, व्हरांड्यातल्या फळ्यावर रंगीत खडूने. तेव्हा बातम्या मुलं आणायची. शकीलच्या बकरीला दोन पिल्लं झाली. हापशाचा दांडा मोडला. आणि वाचक व्हायचं तर पोराने फळ्यापुढे उभं राहून पूर्ण गोष्ट वाचायची, मग नाव लागायचं. चार-चार शनिवार फळ्यावरची ती जागा रिकामी राहायची आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. पोरं मात्र त्या रिकाम्या जागेसाठी जीव टाकायची. पुढे फळ्याची जागा मोबाईलने घेतली. फुलांची चौकट रिकामी कशी टाकणार? एका शनिवारी न वाचणाऱ्याचं नाव टाकलं, मग दुसऱ्या शनिवारी, मग ते अंगवळणी पडलं.

मजकूर मागच्या शनिवारचाच होता. मॅडमनी नुसतं नाव बदललं. 'इयत्ता चौथीची कु. समता हिने गोष्टीच्या पुस्तकाचे अस्खलित वाचन केले. अभिनंदन!'

समता काना-मात्रा आला की थांबायची आणि जोडाक्षर आलं की पार हरवायची. मॅडमना हे चांगलं ठाऊक होतं. जुलैमध्ये त्यांनी ठरवलंही होतं की शाळा सुटल्यावर हिला रोज अर्धा तास घेऊन बसायचं. दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षण निघालं, चौथ्या दिवशी मेहकरला घरी पाहुणे. मग ते राहिलंच. राहिलंच म्हणजे त्यांनी ठेवलं.

जाऊ दे, एका फोटोने काय होतंय, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. आणि खरंच, आजवर कधी काही झालंही नव्हतं.

सोमवारी दुपारी अन्नपूर्णाबाई खिचडीचं पातेलं उतरवून, पदराला हात पुसत वर्गाच्या दाराशी आल्या. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या या बाई म्हणजे समताची आजी. मुलगा नागसेन पुण्याला वॉचमन, सून त्याच्याबरोबर, आणि नात आजीकडे. नागसेनने दिलेला जुना मोबाईल बाईंनी दोन्ही हातांत धरला होता, भरलेला पेला धरतात तसा.

"मॅडम, हे फोटोखाली काय लिवलं हाये? मले वाचून दाखवा ना."

मॅडमनी वाचून दाखवलं.

"अस्खलित म्हंजे?"

"म्हणजे... न अडखळता."

"न अडखळता!" बाईंनी तो शब्द तोंडात घोळवला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही. "माय वं! आमच्या घरात कोनी न अडखळता वाचलं नाई आजवर. नागसेन सातवी नापास. म्या तर अंगठेबहाद्दर. मॅडम, पस्तीस वर्सं झाली मले या गावात. दरसाली पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने संध्याकाळी विहारात जाते, बाबासाहेबांचा ग्रंथ वाचतात थो ऐकते. सगळ्यायच्या घरचं कोनी ना कोनी वाचते. आमच्या घरचा नंबर आला का म्या हात जोडते, म्हन्ते पुढं सरकवा. औंदा म्या सांगून टाकलं. पुढल्या मंगळवारी पौर्णिमेले समापन हाये, आखरीचं पान आमची समता वाचते. फोटोच दाखवला सगळ्यायले! अन् तुमी याचंच. पाव्हणे म्हणून."

एक वाक्य पुरलं असतं. 'मावशी, जरा थांबा,' एवढंच. ते वाक्य मॅडमच्या जिभेवर आलंसुद्धा. पण समोरचा तो चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

"येईन की मावशी. आणि वाचेल ती, का नाही वाचणार?"

हातात आठ दिवस होते. मॅडमनी विहारात ग्रंथ सांभाळणाऱ्या पुंजाजींकडून त्या शेवटच्या पानाचा फोटो मागवला आणि शाळा सुटल्यावर समताला घेऊन बसल्या. पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या, दुसऱ्या दिवशी त्या तीन ओळी पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी मॅडमचा धीर सुटला. त्यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, "हे बघ, माझ्यामागून म्हण."

पोरीचा कान मोठा तल्लख. शनिवारपर्यंत अख्खं पान तोंडपाठ झालं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग मॅडमनी ओळीखालून बोट कसं सरकवायचं, पान संपत आलं की आवाज कसा खाली आणायचा, तेही शिकवलं. अठरा वर्षांच्या नोकरीत एवढ्या तळमळीने त्यांनी क्वचितच काही शिकवलं असेल.

"मॅडम," समता म्हणाली, "पन हे वाचनं नाई ना. हे तर पाठांतर हाये."

"वाचण्यासारखंच आहे ते. बोट सरकव."

समताने मान हलवली आणि बोट सरकवलं. मॅडमनी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

मंगळवारी संध्याकाळी विहार माणसांनी भरला होता. बाया पांढऱ्या लुगड्यांत, म्हातारे पुढे, बाहेर चुलीवर खिरीचं मोठं पातेलं. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, बाजूला बाबासाहेबांची तसबीर. सगळे सतरंजीवर, आणि मॅडमसाठी मात्र पुढे एक खुर्ची. त्यांनी नको म्हणून पाहिलं, पण कोणी ऐकेना. "तुमी शिकवनाऱ्या," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "तुमी खाली कशा बसान?" समता नव्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये, दोन वेण्या घट्ट, आजीच्या मांडीला टेकून बसली होती. ओठ आपले हलत होते.

समताच्या आधी पुंजाजी वाचत होते. ऐंशीचा म्हातारा, पण आवाज खणखणीत. त्यांनी आपलं पान संपवायचं, खूण ठेवायची आणि ग्रंथ समताच्या हाती द्यायचा, असं ठरलं होतं. पण पुंजाजींना त्या दिवशी ग्रंथ सोडवेना. पुढच्या वर्षावासाला आपण असू की नसू, असं त्यांच्या मनात आलं असावं. पान संपलं तरी ते थांबले नाहीत. त्यांनी पान उलटलं आणि त्याच लयीत पुढे वाचत गेले.

पहिल्या शब्दालाच मॅडमनी ओळखलं. ते समताचं पान होतं. ऐकून ऐकून त्यांनाही ते पाठ झालं होतं. थांबा, पुंजाजी, थांबा, असं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, पण भर विहारात वाचणाऱ्याला थांबवायचं कोणी? पुंजाजी अर्ध्या पानाच्या पुढे जाऊन थांबले. डोळे पुसले. मग हसून त्यांनी ग्रंथ समतापुढे ठेवला, ओळीवर बोट ठेवलं. "इथून वाच बेटा."

समता मांडी घालून बसली, बोट ठेवलं आणि स्वच्छ आवाजात सुरू झाली. पानाच्या अगदी वरपासून.

एक वाक्य झालं, दुसरं झालं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"बेटा, थे म्या वाचलं आत्ताच," पुंजाजी हळूच म्हणाले. "हे बघ, इथून. या ओळीपासून."

समताने बोट त्या ओळीवर नेलं. एक श्वास घेतला. आणि पुन्हा वरपासूनच सुरू केलं. तिच्याजवळ दुसरं होतं काय? मागे कोणी पोरगं फिस्सकन हसलं, त्याला आईने चापट दिली. समता थांबली.

अन्नपूर्णाबाईंच्या चेहऱ्यावर अजून हसूच होतं. "भिऊ नको माय," त्या म्हणाल्या. "न अडखळता वाचतं ना तू? मॅडमनं लिवलं हाये."

समता रडली नाही. तिने ग्रंथावरचं बोट उचललं आणि सरळ सांगितलं, "आजी, मले वाचता नाई येत. मॅडमले माहीत हाये."

सगळा विहार खुर्चीकडे बघायला लागला.

आता तरी बोलायचं. पण माणूस लाजेने मेला की तोंडातून जुनंच निघतं. "घाबरली आहे ती," रेणुका मॅडम म्हणाल्या. "एवढी माणसं बघून..." वाक्य अर्ध्यातच राहिलं. कोणी 'खोटं' म्हणालं नाही. पुंजाजींनी समताच्या पाठीवरून हात फिरवला, ग्रंथ आपल्याकडे ओढला आणि उरलेल्या ओळी वाचून टाकल्या.

मग खीर वाढली. पहिली वाटी पाहुण्यांना. ती घेऊन अन्नपूर्णाबाई स्वतः आल्या, चेहरा उतरलेला, पण वाटीला पदर लावलेला. "घ्या मॅडम. गरम हाये, दमानं." मॅडमनी मान खाली घालून ती वाटी संपवली. चार लोकांत कोणी कानाखाली वाजवली असती तर बरं, असं त्यांना वाटत होतं. मेहकरपर्यंत स्कूटीवर थंड वारा लागत होता तरी कान जळत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकाच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. खिचडीची चव बघायची असते, ती भगवानराव सरांना बघायला सांगितली. शाळा सुटायच्या वेळी अन्नपूर्णाबाईच वर्गात आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यातून त्यांनी फोटो काढला, त्या शनिवारचाच, डोणगावच्या बाजारात मोठा करून वर कडक प्लॅस्टिक चढवलेला. फुलांची चौकट, समता, हत्तीचं पुस्तक, खाली ती ओळ.

"घरी बाबासाहेबांच्या फोटोबाजूनं लावला होता," बाई म्हणाल्या. "काढला सकाळी."

"मावशी," मॅडम उठून उभ्या राहिल्या. "माझं चुकलं. मला माहीत होतं, आणि तरी मी लिहिलं. काल विहारात पुन्हा खोटं बोलले. तुमच्याकडे वर बघायची मला लाज वाटते."

फोटोवरचा खरकट्याचा एक डाग अन्नपूर्णाबाईंनी अंगठ्याने पुसला.

"मले वाचता येत नाई मॅडम, म्हनून तं तुमाले इचारलं. काय लिवलं, म्हटलं. दुसऱ्या कोनाले इचारू म्या?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मॅडमना काही बोलता तरी आलं असतं.

"हा ठेवा तुमच्यापाशी," बाई म्हणाल्या आणि फोटो टेबलावर ठेवला. "पोट्टी वाचाले लागली का मंग देजा. तवर भितीवर नाई ठेवत म्या." आणि पातेली घासायची राहिली आहेत म्हणून त्या निघून गेल्या.

त्या दिवसापासून शाळा सुटली की समता थांबते. पहिल्या दिवशी मॅडमनी हत्तीचं पुस्तक उघडलं, तर इतके शनिवार फोटोत मिरवलेलं ते पुस्तक आतून कोरं करकरीत निघालं. दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती नखाने सोडवावी लागली. पहिली ओळ वाचायला समताला सहा मिनिटं लागली. मॅडमनी मध्ये एक अक्षरही सांगितलं नाही.

शनिवारी वार्ता गेली. फुलांच्या चौकटीत लिहिलं होतं: 'या आठवड्यात वाचक नाही.' तरी ग्रुपवर सहा जणांनी टाळ्या पाठवल्या आणि एकाने अभिनंदनही केलं. वाचतो कोण!

अन्नपूर्णाबाई पूर्वीसारख्याच खिचडी वाढतात, मॅडमच्या ताटलीत आधी. मोबाईल मात्र पुन्हा घेऊन आल्या नाहीत. फोटो टेबलाच्या खणात आहे, खडूच्या डब्याखाली. रोज सकाळी खडू घ्यायला मॅडम खण उघडतात, आणि फोटोतली समता पुस्तकाकडे बघत असते, तोंड थोडं उघडं ठेवून, त्यांनी सांगितलं होतं तसं.