उजव्या कानातला मंत्र

तुळशीचा मणी अंगठ्याखालून सरकला, पुढचा आला... आणि निवृत्तीच्या मनात शब्द काही उमटला नाही. आली ती शिट्टीच — बारीक, न तुटणारी, पासष्टच्या लढाईत तोफेजवळ कानात शिरलेली आणि फौज सोडून सुलतानपूरला आल्यावरही पाठ न सोडणारी.

शिट्टीचं त्यानं घरी सांगितलं होतं. उजवा कान पार गेला, हे मात्र पोटातच ठेवलं. एकदा बहिरा म्हटलं की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो. शिट्टीसाठीच माय, गोजरबाई, त्याला मेहकरला महाराजांकडे घेऊन गेली. अनुग्रह झाला की कानातलं जाईल म्हणाली. महाराजांनी स्वतःच्या आणि त्याच्या डोक्यावरून उपरणं ओढलं, उजव्या कानाशी तोंड आणलं — मंत्र उजव्याच कानात द्यायचा, तोही एकदाच — गालाला ऊन वाफ लागली, दाढी टोचली, संपलं. निवृत्तीनं मान हलवली. बाहेर माय डोळे पुसत उभी होती. तिला काय सांगणार होतो मी?

तेव्हापासून तो रोज शिट्टीच जपत आला. गुरूचा मंत्र कुणाला सांगायचा नसतो, विचारायचा नसतो. चोरी पचायला तेवढं पुरे झालं. पण जपता जपता शिट्टीच्या आत कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायला लागलं... आणि तो श्वास ओळखीचा होता. दुसरबीडचा शालिग्राम गोळा भरताना असाच नाकानं श्वास ओढायचा. त्या दिवशी तो तोफेपाशी होता, मग नव्हता. त्यानं शेवटचं जे ऐकलं, ते माझ्या कानात अजून चालूच आहे.

माय येऊन त्याच्या डाव्या अंगाला बसली.

"बाबू, कानातलं थांबलं का रे?"

"हो माय. कमी होऊन राह्यलं."

"मंग आता दोघं संगंच बसत जा. महाराज समद्यायले एकच मंत्र देतेत, चांगुणालेबी तोच भेटला काल."

चांगुणा, त्याची बायको, समोर बसली, डोळे मिटले. नवखीच ती, मनातल्या मनात जपायची सवय नव्हती, ओठ हलू लागले. ओठांवरून बोलणं ओळखायला तो कधीच शिकला होता. नीट पाहिलं की झालं — मायची फसवणूक इथंच संपत होती. त्यानं पाहिलं. पहिलं अक्षर फुटताना दिसलं... आणि शिट्टी एकदम खाली गेली. इतकी खाली कधीच गेली नव्हती. तिच्यामागं नुसती शांतता होती, आणि शालिग्रामचा श्वास अडखळला.

निवृत्तीला भीती वाटली, लढाईत वाटली नव्हती एवढी. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. माय कौतुकानं त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. पोरगा जपात रंगला, असंच तिला वाटलं असावं. हळूहळू शिट्टी चढली, श्वास पुन्हा सुरू झाला — आणि मागं बसलेल्या या दोन जिवंत बायांपेक्षा तोच आपल्याला जवळचा आहे, हे त्याला पहिल्यांदा कळलं.