मायाक्काचं शून्य

सरकारने आमच्या संस्थेला जे काम दिलं त्याचं नाव होतं ‘लघु रवंथी पशुधनाच्या विष्ठेतील प्लास्टिक कणांचे परिमाणात्मक मूल्यमापन’. मराठीत सांगायचं तर मेंढरांच्या लेंड्यांत प्लास्टिक किती, ते मोजायचं. त्यासाठी अकरा महिन्यांच्या करारावर मला घेतलं होतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत आई सगळ्यांना ‘ऋतुजा सरकारी संशोधनात आहे’ एवढंच सांगायची. कशावर, असं कुणी विचारलं की तिला गॅसवरचं दूध आठवायचं. मला मात्र कामाची लाज नव्हती. मुळात मला लाज कमी आणि राग जास्त, असं घरातले सगळेच म्हणतात.

काम सोपं होतं. सोलापूर ते मोहोळ पट्ट्यातले सहा कळप आम्ही निवडले. तारखा घातलेली कागदी पाकिटं प्रत्येक धनगराला दिली. मेंढरं रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात असतात. तिथून रोज सकाळी मूठभर लेंड्या उचलायच्या आणि पाकिटात भरायच्या, एवढंच त्यांनी करायचं. दर शनिवारी मी स्कूटीवरून जाऊन पाकिटं आणायची, लेंड्या पाण्यात कालवून चाळणीतून गाळायची आणि प्लास्टिकचे डोळ्यांना दिसतील तेवढे तुकडे मोजायची. गाळताना वास यायचा, पण पंधरा दिवसांत तोही कळेनासा झाला. मला कळेनासा झाला, घरच्यांना नाही.

महिन्याने आकडे हाती आले. पाच कळपांत कुठे वीस तुकडे, कुठे तीस. सहावा कळप बिरप्पा आणि मायाक्का या नवराबायकोचा होता. त्यांच्या तीस पाकिटांत मिळून शून्य.

आमचे प्रमुख, डॉ. तिप्पण्णा कोरे, खुर्चीतून उठलेच. हा आपला आदर्श कळप, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. महिन्याभराने मोहोळला शेतकऱ्यांची बैठक होती, तिथे या जोडप्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा असंही ठरवून टाकलं. मी म्हटलं, सर, आपल्या कॅन्टीनचा चहा गाळला तरी शून्य निघणार नाही, मग मेंढरांत कसं निघेल? तर म्हणाले की तुला चांगली बातमी सोसत नाही. ते खरं होतं. चांगल्या बातमीचा मला फार संशय येतो.

म्हणून शनिवारची वाट न बघता मी मंगळवारीच, न कळवता, मोहोळच्या अलीकडे त्यांचा मुक्काम होता तिथे गेले. बिरप्पा मेंढरं घेऊन रानात गेला होता. मायाक्का वाघरीशेजारी पाय पसरून बसली होती, मांडीवर सूप आणि सुपात लेंड्या. एकेक लेंडी ती बोटांत फिरवून बघत होती. जिच्यातून काही बाहेर डोकावत असेल ती फोडून आतला तुकडा काढत होती, स्वच्छ असेल ती माझ्या पाकिटात टाकत होती. तांदूळ निवडावेत तसं तिचं शांतपणे चाललं होतं.

“मावशी, हे काय करताय?” मी विचारलं.

“तुमच्या सरकारचं खत निवडतीय की,” ती म्हणाली. “लोकांच्या रानात घाण टाकत न्हाय आमी, मग सरकारला कशी द्यायची?”

मी भडकले. महिनाभराचं काम मातीत गेलं, असं काहीबाही मोठमोठ्याने बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं, मग तांब्या पुढे केला आणि पाणी पी म्हणाली. पाणी पिताना माझ्या लक्षात आलं की चूक माझीच आहे. सरकारला लेंड्या तपासायच्या आहेत, एवढंच मी या लोकांना सांगितलं होतं. काय तपासायचं ते बोललेच नव्हते. घरात कुणी तपासायला येणार म्हटल्यावर आपणही आधी केरच काढतो.

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं. पीक निघालं की शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात. कळप चार-आठ रात्री तिथे बसतो, लेंड्या-मुताचं खत रानाला मिळतं आणि त्या बदल्यात धनगराला धान्य मिळतं. मायाक्काचं वर्ष त्यावरच चालायचं. अलीकडे लेंड्यांतून प्लास्टिकच्या चिंध्या निघायला लागल्या, तेव्हापासून ती रोज उजाडायच्या आत वाघरीत फिरून जमेल तेवढं वेचायची. ‘या कळपाचं खत घाण’ असं एकदा कुणाच्या तोंडून गेलं की त्या गावात परत कुणी बोलावत नाही. पुढचा मुक्काम तिने धरूनच ठेवला होता, गुरप्पा माळग्यांचं चार एकर रान. मोठा माणूस, त्यांच्याकडे मेंढरं बसली की आजूबाजूचे दहा जण बोलावतात.

वेचलेलं टाकता कुठे, मी विचारलं. टाकलं तर मेंढरू परत खातं, म्हणून तिने ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. डबा गच्च भरला होता. मी उघडून बघतच राहिले. प्रत्येक चिंधी कुणाच्या रानातली, हे ती घडाघडा सांगू लागली. आमच्या तक्त्यात ‘उगम’ असा एक रकाना होता आणि त्यात मी महिनाभर ‘अज्ञात’ लिहीत होते.

न निवडलेल्या लेंड्या हव्यात असं मी सांगितलं तेव्हा तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं. गेल्या वर्षी तिच्या दोन मेंढ्या पोटात चिंध्यांचा गोळा होऊन, पोट फुगून मेल्या होत्या, ते मग तिनेच काढलं. न्या म्हणाली, पण नाव कुठे येऊ देऊ नका. मी शब्द दिला. पुढचे पंधरा दिवस सकाळी मी स्वतः जाऊन लेंड्या उचलल्या.

आमचा आदर्श कळप प्लास्टिकमध्ये सहांत पहिला आला. कोरे सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शाल आधीच आणलेली होती, ती बैठकीत प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यावर गेली.

बैठकीला सहाही कळपांचे धनगर आले होते, कारण बोलावणी आधीच गेली होती. मी नावं न घेता आकडे वाचले. पहिल्या रांगेत गुरप्पा माळगे बसले होते, येत्या बुधवारी मायाक्काचा कळप त्यांच्याच रानात बसायचा होता. ते उठले आणि सगळ्यात घाण कळप कुणाचा, ते विचारू लागले. मी म्हटलं, नाव सांगता येत नाही.

“मग सहाच्या सहा बंद,” ते म्हणाले. “बुधवारी माज्या रानात कुणी यायचं न्हाय.”

एकीला वाचवायला दिलेल्या शब्दाने मी सहा घरं बुडवत होते. कोरे सर माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. तेवढ्यात मागून मायाक्का उठली. बिरप्पाने तिचा पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला. पुढे येऊन तिने पिशवीतून डबा काढला आणि गुरप्पांच्या समोरच्या टेबलावर रिकामा केला.

“त्यो कळप आमचा हाय, मालक,” ती म्हणाली. “पर कागद तुमचा हाय.”

मग तिने बोटाने ढीग वेगळे केले. एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने काळा, तो गुरप्पांच्या कलिंगडाच्या वाफ्यांवर तण येऊ नये म्हणून अंथरलेला आणि फाटून बांधापलीकडे उडालेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर. पांढरे दोरे खताच्या पोत्यांचे, पलीकडच्या वस्तीवरचे. हिरव्या चिंध्या टोमॅटोवाल्यांच्या. सभेतले लोक माना उंचावून आपलं काही निघतंय का ते बघू लागले आणि ज्यांचं निघालं ते खाली बसले.

गुरप्पांनी एक चंदेरी तुकडा उचलला, दोन बोटांत चोळला, उलटा करून बघितला.

“बुधवार ऱ्हाऊ द्या,” शेवटी ते म्हणाले. “दोन दिवस द्या मला. रान येचून घेतो, मग या.”

“दोन दिसात हुतंय व्हय?” मायाक्का चिंध्या परत डब्यात भरत म्हणाली. “म्हैना लागंल. मी रोज येचतीय, मला म्हाईत हाय.”

गुरप्पांनी मान हलवली. तारीख एरवी तेच ठरवायचे. या वेळी त्यांनी तिलाच विचारलं, मग कधी येता?

मायाक्काने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“सांगते,” ती म्हणाली. “आदी रान दावा.”